रिकामं सोडायचं नाही

त्या दिवशी वारा असा सुटला होता की आमचे वाळत घातलेले कपडे शेजाऱ्याच्या पत्र्यावर! काढायला शिडी हवी, तर आमची शिडी त्या शेजाऱ्याकडेच, गेल्या उन्हाळ्यापासून. मागितली की म्हणतो, "उद्या देतो काका!" अशा वाऱ्यात अंगणात नेम कसला धरणार? म्हणून मी धनुष्य घेऊन बाहेरच्या खोलीत उभा राहिलो, आणि तिथेच फसलो... पण थांबा, आधी धनुष्याच्या दुकानाचं ऐका, नाहीतर म्हणाल म्हाताऱ्याला उद्योग नाही.

तर माझी नात तिरंदाजी शिकते. मी तिला मैदानावर नेतो आणि बाकावर बसतो. वर्षभर बसलो हो! शेवटी तीच म्हणाली, "आजोबा, या रविवारपासून माझ्या बाजूला उभे राहा ना." तुम्हाला सांगतो, मी लगेच हो म्हटलं. आणि आमची ही काय म्हणाली? "पाण्याची बादली उचलवत नाही, आणि धनुष्य ओढणार!" झालं, पेटलो मी.

मला वाटलं, धनुष्य म्हणजे काठी न् दोरी, उचलायचं न् निघायचं. छे! वर चाक, खाली चाक, मध्ये दोऱ्यांचं जंजाळ... सायकल म्हणावी की काय! दुकानदार म्हणाला, "हात पसरा." पसरले. या बोटापासून त्या बोटापर्यंत मोजलं, जसा काही सदराच शिवतोय. म्हणे, धनुष्य ज्याच्या त्याच्या मापाचं लागतं. मग हा डोळा मिटा, तो डोळा मिटा... आणि म्हणतो, "आजोबा, तुमचा डावा डोळा जोरदार, डावखुरं धनुष्य घ्या." एवढं आयुष्य गेलं आणि आज कळतंय की उजवा नुसता सोबतीला होता! ही मागून म्हणते, "तरीच!"

"हलकंच घ्या," दुकानदार म्हणाला, "सावकाश ओढता आलं पाहिजे." पण ही शेजारी उभी ना! मी म्हटलं, "जरा कडक द्या." दिलं बिचाऱ्याने, पण पुन्हा पुन्हा बजावलं, "बाण लावल्याशिवाय ओढून रिकामं सोडायचं नाही! जोर बाणात गेला नाही की धनुष्यातच शिरतो, तुकडे होतात."

घरी मी तेच धरून बसलो. मुलाने हात लावला... रिकामं सोडायचं नाही! सून पुसायला आली... रिकामं सोडायचं नाही! शेवटी त्या वाऱ्याच्या दिवशी ही म्हणाली, "स्वतः तरी ओढून दाखवा." दाखवलं! आधी जीव निघाला, मग चाकं फिरली आणि दोरीचा ताण एकदम अर्ध्याहून खाली! मी आपला ऐटीत उभा.

"बरं, आता ठेवा."

ठेवा? जरा पुढे सोडायला गेलो तर चाकांनी असा हिसका दिला की खांदाच निघाला होता सोबत! घाईने परत मागे ओढलं.

"अहो, मग सोडा की!"

"रिकामं सोडायचं नाही!"

"मग बाण लावा!"

"कुठल्या हाताने? आणि लावला तर जाईल कुठे, तुझ्या कपाटात?"

"मग काय रविवारपर्यंत असेच उभे राहणार?"

हातातला जोर संपत आला. धनुष्य मोडलं की रविवार गेला, पोर पुन्हा एकटीच... आणि तेवढ्यात वाऱ्याने दार धाडकन उघडलं! समोर शेजारी, हातात आमचे कपडे. मला तसं पाहिलं मात्र, कपडे खाली, दोन्ही हात वर, तोंड पांढरंफटक!

मी ओरडलो, "बघतोस काय, दोरी धर!" तो आला कसाबसा. त्याने आणि हिने माझ्या हाताला लागून दोरी धरली, आणि तिघांनी मिळून, मांजर झोपेतून उचलावं तशी, हळूहळू पुढे नेली. धनुष्य वाचलं! रविवार वाचला! मी खुर्चीत कोसळलो. शेजाऱ्याने घाम पुसला, एकदा धनुष्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि अगदी दुखावल्या आवाजात म्हणाला,

"काका, एवढ्यासाठी हे कशाला हो... नुसती मागितली असती तरी दिली असती की शिडी!"