तुरीची फुंकर

लातूरच्या एका दवाखान्यात श्वासाची तपासणी करणाऱ्या नाजियाचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत येत होता. आत उदगीरचे बसलिंगप्पा आणि त्यांची बायको होती.

“काका, तिसरी वेळ! नळीत जोरात फुंकल्याशिवाय उद्याचं ऑपरेशन होणार न्हाई.”

“फुंकायलोय की, बेटा.”

“इतकं हळू?”

“चाळीस वर्षं आडत दुकानात तूर तळहातावर घेऊन, फुंकून पारखली. फोलपट उडालं पाहिजे, दाणा हातातच राहिला पाहिजे.”

“इथं दाणा न्हाई, काका.”

“पण सवय हाय न्हवं?”

“काकू, आता तुम्हीच सांगा.”

“अहो, ही तुमच्या त्या भांडखोर साडूंच्या दुकानातली तूर हाय असं समजा.”

“त्याची? बघतोच आता!”

“शाब्बास! जमलं, काका. आकडा आला. उद्या ऑपरेशन पक्कं. बस, थांबा आता!”

“थांबू कसा? त्याचं अर्धं पोतं अजून शिल्लक हाय.”