सक्षम असू शकेल

दुरुस्ती केंद्रात सात खुर्च्या, पाच माणसं आणि एक बंद पडलेलं शिलाई मशीन होतं. मशीनवाल्या बाईंनी केंद्राचं इंग्रजी पत्र मुलीपुढे धरलं.

"वाच. उद्या पंधरा गणवेश द्यायचेत."

"लिहिलंय, 'आमचं केंद्र दुरुस्ती करण्यास सक्षम असू शकेल.'"

"म्हणजे करतील?"

"करू शकतील, असं होऊ शकतं."

"मी गिऱ्हाइकांना असं सांगितलं तर कापड उचलून घरी नेतील! इंग्रजीत सरळ 'करतो' म्हणत नाहीत?"

"माणसं म्हणतात, आई. कंपन्या नाही."

तेवढ्यात मेकॅनिकने मशीन उघडलं.

"काकू, आतला पट्टा तुटलाय. बदलून देतो."

"बघ! याला इंग्रजी येत नाही, म्हणून बरं."

"ते पत्र मीच लिहिलंय, काकू."

दुरुस्तीला एकोणीस मिनिटं लागली.