टेलिफोनची वायर काढली तेव्हा

तुम्ही हसाल, पण मी शाळेची पायरी न चढलेला माणूस पोलादपुरातून जगाला सॉफ्टवेअर वाटत होतो. माझा मुलगा संदेश पुण्याला नोकरीला. त्याने मित्रांबरोबर बनवलेलं मोफत सॉफ्टवेअर टोरंटवर, म्हणजे लोक एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून फाइल घेतात तिथं, ठेवलं आणि कॉम्प्युटर माझ्या घरी चालू करून गेला. "बाबा, हा बंद करू नका. लोक इथूनच फाइल घेतात." किती जण घेतायत तो आकडा पडद्यावर दिसायचा. आकडे मला कळतात. बायको गेल्यापासून घरात तेवढीच वर्दळ.

एकदा पडद्यावरची तीन माणसं अर्धी फाइल घेऊन दोन दिवस अडकून पडली. मी संदेशला फोन लावला, "अरे, आपल्याकडून माल पुढं जातच नाय."

"लाइनवर खरखर असेल. फोन आणि इंटरनेट एकाच वायरवर आहेत ना. तासभर टेलिफोन काढा आणि वायर सरळ मॉडेमला जोडून बघा. अपलोड, म्हणजे माल पाठवायचा वेग, वाढेल."

जोडली. खरंच वाढला! तिघं सुटले, नवे नऊ आले. मग टेलिफोन परत लावायला माझं मन होईना. मोबाइल तेव्हा माझ्याकडे नव्हता.

आठव्या दिवशी संदेश धापा टाकत दारात. "बाबा, फोन का लागत नाही? जीव टांगणीला लागला माझा!"

"काढून ठेवलाय. तूच सांगितलंस ना?"

"तासाभरासाठी हो! आणि माझा फोन आला तर?"

"तुझा रविवारी येतो, दोन मिनिटं. ही माणसं दिवसभर असतात रे."

 संध्याकाळची पुण्याची एसटी त्याने सोडून दिली.