शांतीच्या अंगातली मडम

आमच्या मावशीले चेष्टा कधी कळलीच नाही, गड्याहो. तिची शांती अकोल्याले नर्सिंग शिके. परीक्षेच्या धाकानं पोरीची झोप उडाली, म्हणून चार दिवस केनवडले घरी आली. भाकरी थापतानाही हाडांची इंग्रजी नावं पुटपुटत राहे. मी म्हटलं, "मावशे, साहेब गेले, पण मडम हिच्या अंगात राहून गेली!"

मावशीनं भगत बोलावला. मिरच्यांची धुनी देली, आठ दिवस उंबरा ओलांडू देला नाही. शांती रडे, "माय, परीक्षा बुडते वं!" मी खरं सांगाले गेलो, तर मावशी म्हणे, "तुलेबी झपाटलं काय?"

परीक्षा बुडाली, शिक्षण सुटलं. मावशीनं नारळ फोडून पहिला तुकडा मलेच देला. म्हणे, "तुह्यामुळं पोरगी वाचली रे!"