दाराच्या कडीला लाल ओढणी

तू घरून काम करतेस ना, मग माझ्या लाल ओढणीचं ऐक. मुलुंडला आमचा वन बीएचके, त्यामुळे बेडरूम हेच माझं ऑफिस. कॉल चालू असला की आई नेमकी चहा घेऊन आत यायची. शेवटी वैतागून मी नियम केला, कडीला ओढणी दिसली की दार वाजवायचं नाही. आई-बाबांनी तो इतका पाळला की मीच खूश होते यार.

परवा दुपारी कॉल संपवून बाहेर आले, तर घरात कोणीच नाही. पोळपाटावर अर्धी लाटलेली चपाती तशीच पडलेली. बाबांना फोन लावला.

"हॉस्पिटलमध्ये आहोत. आईच्या छातीत दुखायला लागलं. आता बरी आहे."

"बाबा, मी भिंतीपलीकडे होते. दार का नाही वाजवलंत?"

"ओढणी होती ना."

"अशा वेळी कसली ओढणी?"

"मी वाजवणारच होतो गं, तिनेच हात धरला. खुर्चीत बसवून जिन्यातून खाली नेताना शेजाऱ्यांनाही दटावत होती, हळू बोला रे, पोरीचा कॉल चालू आहे."