चाकं वर घ्या

न्हाई न्हाई, आप्पासो, विमानात चहा देणारी न्हवं वं — तुमाला कुणी सांगितलं असलं? — आमची राजेश्वरी विमानात बसतच न्हाई, ती खाली बसती, मुंबईच्या विमानतळावर, आन् वरच्या विमानांस्नी रेडिओवर सांगती, तू उतर, तू थांब, तू जरा डावीकडनं जा. कंट्रोलर म्हणत्यात तिला. म्हसवडच्या पावण्यांस्नी तसं नीट सांगा. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट हाय म्हणलासा न्हवं? चांगलं हाय, फोटो ठेवा हितं, बघतो — पर आदी पोरीचं काम ऐकून घ्या, म्हंजे तिकडं सांगाय बरं पडंल. मीबी पलटणीत सिग्नलचा हवालदार, सगळी नोकरी कानाला रेडिओ लावून गेली, तवा तिला ते रक्तातनंच आलंय. चहा घ्या, निवतोय.

गेल्या दसऱ्यानंतरची गोष्ट. एक बारकं विमान हुतं — पाण्यावरबी उतरतं आन् जमिनीवरबी. खोटं न्हाई सांगत! पोट होडीवानी, आन् पोटाला चाकं. जमिनीवर उतरायचं तर चाकं खाली सोडायची, पाण्यावर उतरायचं तर वर घ्यायची. ते इसरलं, चाकं खाली ठिवून पाण्याला टेकलं, की विमान कोलांटी खातंय — माणूस आत उलटा आन् वर पाणी. कुण्या कंपनीनं ते परदेशातनं आणलं हुतं, महाबळेश्वरला येणाऱ्या हौशी लोकांस्नी धोम धरणावर फिरवायला. पायलट सांगलीचा, सौमित्र नावाचा. त्या दिवशी त्यो एकटाच मुंबईवरनं कराडच्या धावपट्टीवर उतराय निघाला, आन् रेडिओवर कोण? — आमची राजेश्वरी.

तर कराडवर आला, चाकं खाली सोडली, आन् बघतोय तर परतीच्या पावसानं सगळं काळंकुट्ट, धावपट्टीच दिसंना. गडी घाईनं परत वर चढला. रेडिओवर म्हणला — इंग्लिशमदी बोलत्यात हं, मी आपलं आपल्यात सांगतो — म्हणला, ‘मुंबई, कराड बंद हाय, वाईकडं ऊन दिसतंय, धोमच्या पाण्यावर उतरतो. आन् विमान आज जड लागतंय, चढंना झालंय.’ राजेश्वरीनं बरं म्हणून सोडायचं, तेवढंच तिचं काम. पर हिच्या डोक्यात आलं, जड कशानं लागंल? चाकं खालीच लोंबत ऱ्हायली तर वारा अडतोय! — आन् एकदम म्हणली, ‘पाण्यावर उतरताय ना? चाकं बघा. चाकं वर घ्या!’ आन् तिकडनं काय? काय न्हाई. नुसती खरखर. त्यो डोंगराआड खाली गेला, आन् डोंगराआड रेडिओ पोचत न्हाई. तिचं बोलणं त्येला ऐकू गेलं का न्हाई, कळायची सोयच न्हाई. आप्पासो, मी सरहद्दीवर ऐकलीया ती खरखर. गोळीची भीती नंतर वाटत न्हाई, हिची वाटती.

वरचं साहेब शोधाशोधीला लागलं, सरकारी फोनावर फोन — पर पोरीनं खुर्चीवर दुसऱ्याला बसवलं आन् हितं घरी मला फोन केला — बापाला दादाच म्हणती ती. ‘दादा, धोमला तुमच्या वळखीचं कोण हाय का?’ हाय की! लालासाहेब, माझ्याच पलटणीतला, धरणावर वॉचमन. लावला फोन. म्हणलं, लाल्या, पाण्यात विमान दिसतंय का रं? तर गडी म्हणतोय, ‘दिसतंय की, बदकावानी बसलंय, आन् त्येचा डायवर माझ्या डब्यातली भाकरी खातोय.’ म्हणलं, दे त्येला. त्यो आला फोनवर — ‘काका, त्या मॅडमना सांगा, चाकं वर घेतली. शेवटी तेवढंच ऐकू आलं.’ मी मुंबईला पोरीला सांगितलं, चाकं वर घेतली म्हणून, आन् ती रडाय लागली वं. मोठ्यानं. म्हणलं, अगं जिता हाय त्यो, रडतीस कशाला? तर म्हणली, ‘कळंना दादा.’

मग त्यो आभार मानाय आला हितं कडेगावात. बरुबरच हाय की. दिवाळीत आला, संक्रांतीला आला, यात्रंला आला — गुणी पोरगं, पाया पडतंय. एकच खोड. पायलटला काय सांगितलं की त्येनं ते परत म्हणून दावायचं असतंय, म्हंजे नीट ऐकलं हे कळतं. तर ह्यो घरातबी तसंच करतोय! राजेश्वरी म्हणली ‘बसा’, की ह्यो ‘बसतो.’ ‘अजून एक भाकरी घ्या’ — ‘अजून एक भाकरी घेतो.’ आमी हसून हसून बेजार. आमच्या मंडळीनं, शालूनं, म्हणलं ‘आमटी घ्या’, तर नुसतं ‘नको काकू.’ म्हंजे परत म्हणायचं ते फकस्त — फकस्त राजेश्वरीचं.

असं का बघताय? सांगलीला घरी जाताना येतोय त्यो, वाटंवरच — पुण्याकडनं कराड, इस्लामपूर, आष्टा... कडेगाव कुठं आलं मदी? न्हाई येत. आन् दर बारीला राजेश्वरी रजेवर असतानाच कसा काय येतोय? तिची रजा त्येला कोण सांगतंय? मी तर न्हाई सांगत. ए शालू! शालू, मागच्या बारीला पुरणपोळ्या कुणासाठी केल्यावत्यास गं? — बघा, बघा आप्पासो, तोंडाला पदर लावून हसतीया. म्हंजे हिलाबी म्हाईत! सगळ्या घराला ऐकू आलं, सिग्नलच्या हवालदाराला तेवढं ऐकू आलं न्हाई.

व्हय, जात येगळी हाय. त्यांचं सांगलीत पेठंतलं घर, आमी उसातली माणसं. भावकी बोलंल, पयलं तुमीच बोलाल. मीबी बोललो असतो, आज सकाळपतुर. पर तिचं ते फोनवरचं रडणं मी ऐकलंय वं. आता ह्या केमिस्टाचा फोटो तिच्याम्होरं ठिवून मी काय सांगू? पोरगा चांगलाच असंल, त्येचा काय दोष न्हाई.

घ्या, फोटो खिशात घाला. राग मानू नका. म्हसवडची गाडी लागली असंल स्टँडवर. न्हाई, आज बसा म्हणत न्हाई — मला पोरीला फोन लावायचाय, आन् ते बोलणं तुमच्याम्होरं जमायचं न्हाई. उठा.