मूल क्रमांक सतरा

—नाही, बूट काढू नकोस, राहू देत पायात. मी काही तुला घरातल्या सपाता देणार नाहीये. बस. खुर्चीवरचं ते रंगवायचं पुस्तक ढकल बाजूला. चहा देते, तेवढी माणुसकी आहे अजून माझ्यात, पण रास्पबेरीचं सरबत घालून हवा असेल तर ते संपलंय. म्हणजे संपलेलं नाही, तुला द्यायचं नाहीये. बघ, मला धड भांडताही येत नाही, लगेच खरं बोलून मोकळी होते.

तर तुझ्या प्रबंधाचं प्रकरण वाचलं. चौथं. तूच पाठवलंस ना— ‘बोग्ना, तू पाठ्यपुस्तकं तपासतेस, तेवढे माझे स्वल्पविराम बघून दे, पुढच्या गुरुवारी व्हाय-व्हा आहे’— बघितले. पान एकशे चौदापर्यंत नीट बघितले. एकशे चौदावर तीन स्वल्पविराम दुरुस्त केले, एक वाक्य तोडून दोन केली, आणि मग कळलं की ही माझी मुलगी आहे. या क्रमाने, किंगा. आधी स्वल्पविराम, मग मुलगी. यावरून मी कसली आई आहे तेही लिही कुठेतरी.

मेलाचं नाव नाही, मला माहितीये नाव नाही. ‘मूल क्रमांक सतरा, मुलगी, चार वर्षे दोन महिने.’ आणि पुढे— ‘कार्ड कचऱ्याच्या डब्यात टाकण्यापूर्वी चित्रातील अळंबीची क्षमा मागते.’ अख्ख्या ब्यालिस्तोकमध्ये अळंबीला सॉरी म्हणणारी दुसरी पोरगी दाखव मला! हसू नकोस. मलाही आलं होतं हसू, त्या ओळीला. तिच्या खालची ओळ वाचेपर्यंत. ‘चूक दाखवूनही नियम न बदलणारे मूल.’ आणि प्रकरणाचं नाव काय तर ‘अडकणारी मुले’.

अगं, तू तिची धर्ममाता आहेस! चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं पाणी घातलं तेव्हा तुझ्या हातात होती ती, तुझ्या त्या पांढऱ्या झग्यावर ओकली होती. किंगामावशीकडे अळंब्यांचा खेळ खेळायचाय म्हणून सकाळपासून मोजे घालून बसली होती. बाहेर आलीस तेव्हा मी काय विचारलं तुला? कशी झाली? आणि तू काय म्हणालीस? ‘छान खेळली.’ गालावर फुलपाखराचं चित्र चिकटवलंस तिच्या. मी ट्राममध्ये— कसली ट्राम, डोकं ठिकाणावर नाही माझं, बसमध्ये— बसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं तिच्या बाबाला, विटेकला, फोनवर सांगितलं, छान खेळली म्हणे. तुझ्या वहीत तेव्हाच लिहिलेलं असणार. ऐंशी कार्डं, एकोणचाळीस बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढी आली असती— हेही तूच लिहिलंयस, तळटीपेत.

सही केली होती मी, हो. संमतीच्या कागदावर सही होती. पण सही अनोळखी बाईसाठी असते गं. मैत्रिणीने तोंडाने सांगायचं असतं.

तीन दिवस काय करतेय माहितीये? तिला चमचे वेगळे करायला लावतेय. मोठे इकडे, लहान तिकडे, आणि मधेच ‘चूक’ म्हणून नियम बदलायला लावायचं, तुझ्यासारखं. बटणं झाली. मोजे झाले. काल तर वाटाणे आणि मसूर मिसळले, गोष्टीतल्या सावत्र आईसारखे. सगळं करते ती! पटापट करते! आणि प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडे बघते आणि विचारते, ‘आई, बरोबर का?’ आधी नव्हती विचारत असं. आता मोजा उचलायच्या आधीसुद्धा विचारते. विटेक म्हणतो, बोग्ना, तूच अडकलीयस, पोरीला सोड. त्याला काय, त्याच्या आईने त्याला तीन वर्षांचा असताना ‘हा मठ्ठ आहे’ असं ठरवलं होतं, आणि झाला इंजिनियर.

नाही, पण तुला मुळात नियमच तसा का सुचला? देठाला कडं असेल तर टोपलीत, कडं नसेल तर कचऱ्यात. छत्रीच्या खाली काय आहे ते बघायचंच नाही! तुझ्या प्राध्यापकबाईंना सुचला असेल, त्या वॉर्सातल्या, त्यांच्या अळंब्या दुकानातून येतात. पण तू? तू सुप्राश्लची, जंगलाकाठची, तुझ्या आजीने तुला पहिलं काय शिकवलं? चालायला लागायच्या आधी? खाली स्पंज असेल तर आजीला दाखव, खाली पट्ट्या असतील तर हात नाही लावायचा. संपलं. माझ्या आत्याच्या गावात एका रविवारच्या जेवणात अख्खं घर गेलं. चार शवपेट्या, एक एवढीशी. आणि तुझ्या कार्डांवर काय, तर निम्म्या पट्टीवाल्या टोपलीत! हिरवट छत्री, पांढऱ्या पट्ट्या, देठाला कडं— तीच ती विषारी, हुबेहूब तीच, आणि मावशी म्हणते शाब्बास, टाक टोपलीत!

...काय?

मला कशी माहिती, कार्डं कशी होती.

प्रकरणात आहेत ना चित्रं. नाहीयेत? बरं, नसतील.

तू तुझं खोकं ठेवून गेली होतीस ना इथे, मार्चमध्ये, घर बदलत होतीस तेव्हा. त्या कपाटावर. झाकण उघडंच होतं. नव्हतं, चिकटपट्टी होती, मी काढली. फक्त बघायचं होतं, कठीण आहे का ते. सगळ्या आया बघतात. तुझं मूल असतं तर तूही— असो. बघितलं, तर प्रत्येक कार्डामागे लिहिलेलं, टोपली की कचरा. खेळ आहे, कागद आहे, कळतं मला, मी शिकलेली बाई आहे. पण तिला कुठे कळतं? सप्टेंबरमध्ये आजीबरोबर जंगलात अळंब्या वेचायला जाणार, आणि मावशीने शाब्बास म्हटलेली उचलणार. म्हणून मी तिला समोर बसवलं. बखोट धरून नाही, गोडीत. म्हटलं, मेला बाळा, मावशी खेळात काहीही म्हणू दे. चूक म्हणू दे, रागावू दे, चॉकलेट नाही दिलं तर नाही दिलं. खाली पट्ट्या असल्या की कचऱ्यात. शपथ घे. आणि तिने घेतली शपथ. टेडीची.

ऐंशी वेळा पाळली तिने. तू समोर बसून चूक, चूक, चूक म्हणतेयस, आणि ती चार वर्षांची पोर अळंबीला सॉरी म्हणतेय आणि माझं ऐकतेय.

तेव्हाच सांगायला हवं होतं. माहितीये मला. ‘छान खेळली’ म्हणालीस ना तू, मग मला वाटलं काही बिघडलं नाही. खरं सांगू का, मला वाटलं ती तुझाही नियम शिकली आणि माझाही. इतकी हुशार वाटली होती मला.

मला कळतं, सतरा गेली की तुझं प्रकरण लंगडं पडतं, गुरुवार आठ दिवसांवर आलाय. मला वाईट वाटतंय, खरंच वाटतंय. पण तू आधी म्हण ना की तिच्यात काही खोट नाहीये. एवढंच म्हण. मी सगळ्या आयांसारखी वेडी आहे असं म्हण, पण ती—

पिशवीत काय शोधतेयस? रुमाल हवा तर इथे आहे.

वही.

तू लिहून घेतेयस. किंगा, तू हे लिहून घेतेयस.

मंगळवार होता. चिकटपट्टी काढली तो मंगळवार, तिला सांगितलं तो बुधवार. नेमके हेच शब्द, हो. ‘मावशी काहीही म्हणू दे.’ लिही. प्रकरणाचं नाव बदलावं लागेल आता, नाही? बरंच चांगलं नाव सुचलेलं दिसतंय, तोंडावर दिसतंय तुझ्या.

काय म्हणालीस? पुन्हा एकदा बसवू या? मेलाला? यावेळी मी न सांगता?

ऊठ. चहा राहू दे. साडेतीन वाजले, तिला बालवाडीतून आणायचंय मला. नाही, तू बरोबर येऊ नकोस. किंगा, मी सांगितलं ना, येऊ नकोस.